रशिया कळलेले काका

"रशियन माणूस असा नसतो," चहात चमचाभर जॅम ढवळत काका म्हणायचे. विषय कुठलाही असो, माझी नोकरी असो की शेजाऱ्यांचा कुत्रा. रशियन माणूस सगळ्यांच्या वर.

अमेरिकेत, हर्नडनला, आमच्या बिल्डिंगमध्ये ते आणि काकू मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. नागपूरचे रिटायर्ड इंजिनियर. सोव्हिएत काळात कारखान्याने त्यांना ट्रेनिंगसाठी दोन वर्षं रशियातल्या उरल भागात पाठवलं होतं, काकूही सोबत होत्या. त्या दोन वर्षांच्या फुशारकीवर पुढचं सगळं आयुष्य काढलं. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एकदा कुठेतरी जाऊन आलेलं आणि मग कधीच परत न आलेलं.

मला ते आवडत नसत, लपवत नाही. पॉटलकच्या जेवणात बिटाची कोशिंबीर असली की "बोर्श्ट सूपपुढे हे काहीच नाही" म्हणत दोनदा वाढून घ्यायचे. काकू काही सांगू लागल्या की हात झटकायचे. "हिला काय माहीत रशिया? दोन वर्षं ब्रेडच्या रांगेत उभी होती." काकू ताटल्या गोळा करायला उठायच्या. आम्ही हसायचो, याची लाज आता वाटते.

जानेवारीतल्या एका दुपारी तळमजल्यावरची रशियन आजी पार्किंगमध्ये आली. पायात घरातल्या सपाता, अंगात नुसता गाऊन. रडत काहीतरी ओरडत होती. तिला इंग्लिशचा शब्द येत नव्हता, मुलगी ऑफिसला गेलेली. मी धावत काकांना बोलावून आणलं.

काकांनी छाती काढून दोन वाक्यं फेकली. आजीने त्यांची बाही धरली आणि आणखी जोरात रडू लागली. काका माझ्याकडे वळले. "नवरा गेलेला दिसतोय. फार भावनाप्रधान लोक. रडू दे तिला."

आम्ही दोघं माना खाली घालून उभे राहिलो. खरंच.

तेवढ्यात काकू काकांचा मफलर घेऊन खाली आल्या. आजीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी तिचे खांदे धरून रशियनमध्ये भराभर चार प्रश्न विचारले. मग माझ्यावर ओरडल्या, "अरे, उभा काय राहिलास! दार लॉक झालंय, आत तान्ही नात आहे, गॅसवर भांडं आहे. बिल्डिंगच्या ऑफिसातून चावी आण!"

दार उघडलं तेव्हा घरभर धूर होता. बाळ खोकत होतं, पण सुखरूप होतं. आजी काकूंच्या गळ्यात पडली.

जिन्यात काका हळूच म्हणाले, "तुला एवढं कधी आलं गं?"

"अहो, तुम्हाला कारखान्यात दुभाषी होता," काकू म्हणाल्या. "मला रांगेत कोण होतं?"

काकांना ते लागलं असावं. मला दया यायला हवी होती. आली नाही. उलट, बरं झालं, असंच वाटलं.

एप्रिलमध्ये ते नागपूरला परत गेले. निरोप द्यायला मी गेलो नाही. त्याआधी रोज सकाळी मात्र ते तिघं खिडकीतून दिसायचे. काकू आणि आजी पुढे, रशियनमध्ये अखंड बडबडत. काका दोन पावलं मागे, हातात आजीच्या सामानाची पिशवी. मधूनच पुढे होऊन विचारायचे, "काय म्हणाली?" काकूंच्या मनात आलं तर सांगायच्या.

एकदा त्या दोघी कशावरून तरी खो खो हसत फुटपाथवरच थांबल्या. काका क्षणभर दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले. मग, काही न कळता, तेही हसले.