सहाणेवर घासलेलं बी

मी देवीशी अबोला धरला होता, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझी मुलगी तापाने गेली. तिसरीत होती. तिच्या उशाशी बसून मी देवीला म्हटलं होतं, हिला उठव, मी रोज तुला फूल वाहीन. ती उठली नाही. सुतक फिटलं तरी मी देवघरासमोर बसले नाही. पूजा सासूबाई करू लागल्या. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तिच्या शाळेच्या पेटीत पाटीखाली एक कागदाची पुडी सापडली. खामगावला मावशीकडे गेली असताना तिथल्या कुंपणावरच्या झाडाचं बी तिने गोळा केलं होतं. फूल जास्वंदीसारखंच, पण ताटलीएवढं, असं ती सांगत होती आणि मी भाकरी थापता थापता नुसतं हं हं म्हणत होते. आमच्याकडची जास्वंद फांदी खोचून येते, तिला बी धरत नाही, म्हणून मला ते खरंही वाटलं नव्हतं. पुडीत अकरा बिया होत्या. तिच्या हातचं तेवढंच मागे राहिलं होतं.

आखाजीनंतर, वैशाखातच, आठ बिया मी फुटक्या माठात लावल्या. रोज दोनदा पाणी घालत होते. महिना गेला, काही वर आलं नाही. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "दगडाले पाणी घालून राह्यली तू. दगड तरी ओला होते." उकरून पाहिलं, तर काही माझ्याच पाण्याने कुजल्या होत्या, बाकीच्या मुंग्यांनी नेल्या असाव्यात. उरलेल्या तीन लावायचा धीर होईना. त्या पुडीत बांधून मी जवळच ठेवू लागले.

आषाढात सासूबाईंनी बांगड्या भरणाऱ्या मन्यारणीला घरी बोलावलं. वयस्कर मुसलमान बाई होती, आमच्या गावात नवीनच येऊ लागलेली. तिने माझा हात ओढला, तर मुठीत पुडी.

"मूठ सोड वं माय. बांगडी कशी चढन?"

मी मूठ उघडली, पुडी सोडली. तिने एक बी बोटांत फिरवून पाहिलं. "असं नाई उगवत हे. कवच लय घट्ट रायते याचं. माहा बाप माळीकाम करे. बारीक दगडावर घासायचं, आतलं पांढरं दिसलं का थांबायचं. मंग रातभर कोमट पाण्यात."

मी म्हटलं, "लेकीच्या हातचं हाय. त्याले ओरखडा कसा काढू?"

तिने माझं मनगट सोडलं नाही. "नाई काढला तं ते तसंच बसून रायते. तुह्यावानी."

घरात बारीक दगड एकच होता, गंध उगाळायची सहाण. ती घ्यायला मी देवघरापाशी गेले आणि तिथेच बसले. बी इवलंसं, बोटातून निसटे. घासताना प्रत्येक वेळी वाटे, आपण लेकीलाच दुखवतो आहोत. पांढरं दिसलं तेव्हा मी रडले. लेक गेल्यावर देवीसमोर रडले ती तेव्हाच, पहिल्यांदा.

तिन्हींतलं एक उगवलं. पुढच्या श्रावणात त्याला फूल आलं, खरंच ताटलीएवढं. ते देवीला वाहताना काय मागावं ते सुचेना. मागण्यासारखं एकच होतं आणि ते मिळणार नव्हतं. मी नुसतंच वाहिलं. संध्याकाळपर्यंत ते मिटून गेलं.

मन्यारणीला देवीने पाठवलं की सासूबाईंनी, हे मी ठरवत बसत नाही. दोघींचेही उपकार मानते. पोरीची आठवण आली की छातीत अजून तसंच दुखतं. फक्त आता ते दुखणं घेऊन मी देवीसमोर बसते.