पत्र्यावरचा पांढरा डबा

ढोकीत वीरप्पा आप्पांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांची बोलणी खाल्ली नाहीत असाही. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्यांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून आणतो. आप्पा जळकी तार काढतात, नवी भरतात आणि जुनी तार मालकाच्या हातात देतात. "तुझी हाय, तू ने." चाळीस वर्षं हेच चाललंय. त्यांची एकुलती लेक राजेश्वरी लग्न होऊन मस्कतला गेली. तिचं तोंड रोज दिसावं म्हणून आप्पा साठीत कॉम्प्युटर शिकले, आणि शिकता शिकता लोकांचे लॅपटॉपही उघडायला लागले. खिशातला फोन मात्र अजून बटणांचाच. दुपारी जेवणाच्या वेळी दुकानातल्या लॅपटॉपवर लेक दिसली, की मगच त्यांचा डबा उघडायचा.

मी समृद्धी. माझा राग नाकावरच असतो, हे सासरी आल्यावर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. आमचं घर गावाबाहेर वस्तीवर. माझा नवरा शंभू शेळ्या राखतो, थोडी शेती करतो. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे कागद तपासते. मागच्या डिसेंबरात कंपनीचा मेल आला. घरून काम करणाऱ्यांची इंटरनेटची लाइन पुढच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार तपासणार. कामाच्या वेळेत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तुटली, तर पुण्याला या, नाहीतर काम सोडा. पुण्याला जायचं म्हणजे पहिलीतल्या आमच्या मुलाला, समर्थला, इथं ठेवून मी तिकडं, नाहीतर शेळ्या विकून सगळ्यांनीच तिकडं. मला यातलं काहीच नको होतं. आणि माझा लॅपटॉप तर असा, की बटण दाबून चूल पेटवावी, चहा करून प्यावा, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच.

मोबाईलवर चार रात्री व्हिडिओ बघून मी यादी केली आणि आप्पांच्या दुकानात गेले. नवा लॅपटॉप आणि चार अँटेनांचा राउटर. आप्पांनी यादी वाचली आणि स्क्रूड्रायव्हरखाली दाबून ठेवली.

"घराला छप्पर कशाचं?"

"पत्र्याचं."

"आन भिताडं?"

"ती पण पत्र्याचीच."

"मग चार शिंगाचा आण न्हायतर धा शिंगाचा. पत्रा समदं अडवतंय. राउटर तू बसतीस त्या खोलीतच पायजे. साधा असला तरी पळतंय."

मग त्यांनी लॅपटॉप उलटा करून उघडला. आतला पंखा केसांनी गच्च भरलेला. शंभू शेळीची पिल्लं घेऊन माझ्या शेजारीच बसतो, त्याचा प्रसाद.

"ह्यो लॅपटॉप हाय का बोकड?" आप्पा म्हणाले आणि दुकानातले दोघं-तिघं हसले. "नवा कशाला घ्यायलीस? मोटर जळाली म्हणून कुणी हीर बुजवतंय व्हय?"

त्यांनी पंखा साफ केला, जुनी हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी बसवली, रॅमची एक पट्टी वाढवली. जुनी डिस्क कागदात गुंडाळून मला दिली. "तुझी हाय, तू ने." लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर मी पदर सावरेपर्यंत चालू. मला खूप आनंद झाला. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

आप्पा म्हणाले, "एकल्या नेटच्या केबलीवर ऱ्हाऊ नको. सिमवर चालणारा डबा बी घे. हंगाम हाय."

हंगामाचा आणि इंटरनेटचा काय संबंध, ते मी विचारायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "आप्पा, एक पुरतंय मला. दोन-दोन वस्तू खपवायच्या असतील तर दुसरं गिऱ्हाईक बघा."

सगळ्या गावाला बोलणारा माणूस, पण मला काहीच बोलला नाही. ते मला लागलं, तरी शब्द मागं घ्यायचं काही सुचलं नाही.

रविवारी आप्पा वस्तीवर आले. केबल ओढली, राउटर माझ्या टेबलावर बसवला. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात आप्पा शिडी लावून पत्र्यावर चढले आणि बांबूला पांढरा डबा बांधला.

"ते काय, आप्पा?"

"तुझ्या कामाचं न्हाय. हात लावू नको."

विजेबिजेपासून बचाव असेल, असं मला वाटलं. भाकरी-ठेचा खाऊन आप्पा गेले.

सोमवार, मंगळवार, बुधवार नीट गेले. गुरुवारी दुपारी शंभू पळत आला. "केबल तुटली! उसाची ट्रॉली वरनं गच्च भरलेली, तिच्यात अडकून तुटली. खांबाला लोंबायलीय!"

मी स्क्रीनकडं बघितलं. कागद उघडत होते. कॉलवर कंपनीच्या पुण्याच्या बाई बोलत होत्या, त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. राउटरवरचा एक दिवा लाल झाला होता, शेजारचा हिरवा होता. राउटरमागून दुसरी एक वायर निघून पत्र्याच्या फटीतून वर गेली होती. बाहेर जाऊन बघितलं तर ती थेट बांबूवरच्या डब्यात. तोच सिमवर चालणारा डबा होता.

आप्पांना फोन लावला. "आप्पा, केबल तुटली."

"मग? काम चालू हाय न्हवं? ठिवू का फोन?"

शुक्रवारी केबल जोडली गेली, आणि संध्याकाळी कंपनीचा मेल आला. मी घरीच राहणार होते. शंभूनं समर्थला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवलं.

शनिवारी दुपारी डबा उतरवून मी दुकानात गेले. पाटीच्या वर एक रिकामा खिळा होता, त्याच्याखाली नेटची वायर तशीच लोंबत होती. हा डबा विकायचा नव्हताच. आप्पांच्या दुकानाला तेवढंच नेट होतं, आणि मी त्यांना खपवाखपवीचं बोलले होते.

"आप्पा, मी चुकले," मी म्हणाले. "लई वाईट बोलले तुम्हाला."

"बस," आप्पा म्हणाले. डबा खिळ्याला अडकवला, वायर जोडली आणि लॅपटॉप उघडला. पहिल्याच रिंगला राजेश्वरी दिसली.

"आप्पा! सहा दिवस झाले तुमचं तोंड बघून. नेट कुठं गेलतं?"

"गावातल्या एका पोरीचं काम अडलतं. तिच्याकडं गेलतं."

राजेश्वरीनं विचारलं, "झालं का तिचं काम?"

आप्पांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "तिलाच इचार."

मस्कतच्या त्या घरातून राजेश्वरी माझ्याकडं बघत होती. "झालं," मी म्हणाले आणि लॅपटॉप परत आप्पांकडं वळवला.