विठ्याच्या घाटातून माघार

तेव्हा मी बेलापूरच्या बाजूला उसावर विमानाने औषध फवारायचो. दुष्काळ पडायच्या आदलं वर्ष असेल. कोणता प्लॉट फवारायचा ते दाखवायला साखर कारखान्याचे एक शेतकी अधिकारी आमच्या जुन्या, दोनच माणसांच्या विमानात माझ्या मागे बसत. त्यांची माझी चांगली गट्टी जमली होती.

श्रावणातल्या एका सकाळी ते धावपट्टीवर आले ते रडतच. राजूरला त्यांचे वडील वारले होते. अग्नी द्यायला हा एकुलता एक मुलगा, आणि वाटेतल्या पुलावरून पाणी वाहत असल्याने एसटी बंद.

"लोक दुपारपत्तूर थांबतो म्हनालेत. तुमी न्या मला," ते म्हणाले.

पश्चिमेला सगळं काळंकुट्ट होतं. तिथेच नाही म्हणायला हवं होतं, पण बाप गेलेल्या माणसासमोर जीभ रेटेना. उन्हाळ्यात राजूरजवळच्या एका माळावर मी एकदा उतरलो होतो. त्या माळाचा आता चिखल झाला असणार हे कळत असूनही मी इंजिन चालू केलं. हात दाखवून अवलक्षण करायची मला हौसच होती त्या वयात.

संगमनेर गेलं, अकोलंही नीट गेलं. पुढे ढग खाली उतरत गेले आणि त्यांच्याखालून मीही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. त्या दिवशी दुरून डोंगर दिसलेच नाहीत. दिसत होता तो फक्त रस्ता.

"विठ्याचा घाट हाय ह्यो, मला पाठ हाय! वर गेलं की सपाट, मग राजूर आलंच!" मागून ते ओरडून सांगत होते.

मी ऐकलं. जिथून एसटी रोज जाते तिथून विमानाला जायला काय झालं, असं आम्हा दोघा शहाण्यांना वाटलं. दरीत नेहमी एका कडेने जावं, म्हणजे वळायला दुसरी बाजू मोकळी राहते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांना रस्ता नीट दिसावा म्हणून मी मधोमध चाललो होतो.

रस्ता माझ्यापेक्षा भराभर चढत होता. इंजिन पुरतं रेटलं तरी खालची झाडं जवळच येत होती. मग रस्ता ढगात शिरला. मी डावीकडे पाहिलं. पंखाच्या टोकापलीकडे, आमच्यापेक्षा वर, डोक्यावर इरलं घेतलेला एक म्हातारा गुराखी उभा होता. तो वाकून खाली आमच्याकडे बघत होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतका मी आयुष्यात पुन्हा कधी भ्यालो नाही. उजवीकडे किती जागा उरली आहे ते दिसत नव्हतं. नाक जास्त वर ओढलं तर वेग जाऊन विमान खाली पडणार, कमी ओढलं तर समोरचा डोंगर. मी उजवीकडे वळवलं.

त्यांनी मागून माझा खांदा धरला. "मागं नका फिरू! थोडंच ऱ्हायलंय! आबा तसेच ठिवलेत!"

"गप बसा!" मी किंचाळलो.

वेग पडल्याने विमानाचा दांडा हातात थरथरत होता. सगळीकडे पांढरं. मी देवाचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो ते आठवत नाही. मग खाली रस्ता दिसला, अकोल्याकडे जाणारा.

बेलापूरला परत उतरल्यावर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी अग्नी त्यांच्या चुलतभावाने दिला.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याबरोबर एसटीने राजूरला गेलो. त्यांच्या आईसमोर उभं राहायची मला त्या डोंगराइतकीच भीती वाटत होती. मी नेतो म्हणालो आणि मीच मागे फिरवलं, असं सगळं खरं सांगून टाकलं. म्हातारीने मुलाच्या तोंडावरून हात फिरवला.

"बरं केलंस बाबा," ती मला म्हणाली. "येका सरनाला कोरडी लाकडं जमवता जमवता गाव दमलं. दुसऱ्याला कुठनं आनली असती?"