नालिकेनाच्या शाळेची चौदावी जमीन

नालिकेनाच्या शाळेत शिरताना मुयुंडाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटणार, हे गावाला पाठ झालं होतं. पहिली काही वर्षं तो ताठ मानेने आत जायचा. मग केस घासायला लागले, मग टाळू, आणि अलीकडे थेट कपाळ.

"संस्थेचं मक्याच्या पिठाचं बुहोबे मानवलं हो तुम्हाला, बो मुयुंडा," नासिलेले म्हणायची. "या वयात उंची वाढायला लागली."

तो तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. त्याच्या नावाआधी मानाचा 'बो' ती टोमणा मारतानाच लावायची; एरवी नुसता मुयुंडा. तो कपाळ चोळत हसायचा आणि वही उघडून बसायचा. चौकट खाली का येतेय, हा प्रश्न चौदा वर्षांत त्याला एकदाही पडला नाही.

नासिलेले एकसष्ट वर्षांची. शिक्षिकेचं प्रमाणपत्र तिच्याकडे नाही, शाळेलाही सरकारी शिक्का नाही. झांबेझी नदीच्या पूरमैदानातल्या उंचवट्यांवर जी गावं आहेत त्यांतल्या सतरा शाळा अशाच, पालकांनी उभ्या केलेल्या. नालिकेनाच्या शाळेचे खांब तिच्या नवऱ्याने रोवले. ते कठीण लाकडाचे, पाण्याने न कुजणारे. नवरा गेला, खांब आहेत. भिंती बोरूच्या आणि मातीच्या; त्या दरवर्षी पाण्यात विरघळतात आणि दरवर्षी नव्याने लिंपल्या जातात.

जानेवारीत पाणी चढायला लागतं. पुढे एक दिवस राजाची नौका वरच्या कोरड्या जमिनीकडे निघते, आणि तिच्यामागे लोक, गुरं, कोंबड्या. जुलैशिवाय कोणी परत येत नाही. सरकारी शाळेचं वर्ष मात्र जानेवारीतच सुरू होतं. शाळेत मासे फिरत असतात तेव्हा सत्र चालू असतं, आणि ऑगस्टात जमीन वाळून खडखडीत झाली की सुटी लागते. सातवीची परीक्षा ऑक्टोबरात. तिच्या शाळेतलं एकही मूल ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेलं नव्हतं.

मुयुंडाची संस्था, तुतो, हेच सांगायला निघालेली होती. मोंगू शहरात, मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानामागे दोन खोल्या आणि चार माणसं. मागणी एकच: या सतरा शाळांना त्यांचं स्वतःचं वेळापत्रक द्या. पाणी आलं की सुटी, ओसरलं की शाळा. एप्रिलमध्ये गावागावात पाण्याची उंची मोजायची, जूनमध्ये तक्ते गोळा करायचे, जुलैत अहवाल लिहायचा, ऑगस्टात तो शिक्षण खात्याच्या समितीपुढे ठेवायचा, आणि सप्टेंबरात "विषय विचाराधीन आहे" असं पत्र घ्यायचं. मग पुन्हा एप्रिल. मुयुंडाने या फेऱ्याची चौदा वर्षं काढली होती.

सतरा शाळांपैकी सलग नोंद फक्त एका शाळेची होती. बाकीच्यांचे कागद भिजले, शिक्षक बदलले, एकाने तर उंचीच्या रकान्यात 'पुष्कळ' असं लिहून पाठवलं होतं. नासिलेलेने एकही एप्रिल चुकवला नाही. वरच्या जमिनीवरून ती एकटी होडी वल्हवत चार तास यायची. दाराशी होडी बांधून पाण्यात उतरायची, खांबाला लावून काठी जमिनीवर टेकवायची, पाणी लागलं तिथे नखाने खूण करायची आणि शिंप्याच्या फितीने मोजायची. असं तीनदा, मधला आकडा खरा धरायचा. एका वर्षीच्या तक्त्यात शेरा आहे: 'आत मगर असल्यामुळे दुपारी मोजले.' मुयुंडाने नंतर खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती दोन तास छपरावर बसून होती.

"हाकलायची ना वल्ह्याने," तो म्हणाला होता.

"तिला कुठे वेळापत्रक हवंय? गेली आपली आपण."

या वर्षी राजधानीहून कळवण्यात आलं की विषय आणखी लांबवला जाणार नाही. समिती मोंगूला येईल, ऐकून घेईल आणि शुक्रवारी निर्णय देईल. हो म्हणाली तर नियम होईल, नाही म्हणाली तर प्रकरण बंद. मुयुंडाने जोर लावला. आजवर सुटे राहिलेले आकडे त्याने पहिल्यांदाच एका आलेखात मांडले, नालिकेनाचे चौदा एप्रिल ओळीने, आणि तो आलेख अहवालाच्या पहिल्या पानावर घातला.

समितीच्या प्रमुख चिलेशेबाई. उत्तरेकडच्या, पन्नाशीच्या, वीस वर्षं गणित शिकवून खात्यात आलेल्या. त्यांनी पहिलं पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बो मुयुंडा, हा आलेख तुम्हीच काढलाय?"

"हो."

"मग बघितलाही असेल. पहिल्या वर्षी शाळेत चौऱ्याण्णव सेंटिमीटर पाणी. या वर्षी एकतीस. दर वर्षी कमीच होत आलंय. आणखी सहा-सात वर्षांनी पाणी उंबऱ्याबाहेर राहील. जे संपत चाललंय त्यासाठी देशाचा नियम बदलायचा?"

सभेत कोणीतरी खोकलं. मुयुंडा उभा होता, आणि कागद वाचायला येत नसल्यासारखा स्वतःच्याच आलेखाकडे बघत होता. शाळा किती दिवस बंद राहिली ते आकडे तो दर वर्षी पाहायचा. ते कमी झाले नव्हते. उंचीचे आकडे त्याने उतरवले होते, वाचले नव्हते.

"यात काहीतरी चूक आहे," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटतं," चिलेशेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पण चूक कुठे आहे ते शुक्रवारच्या आत सांगा. आज मंगळवार आहे. नाहीतर मला हा कागद आहे तसाच धरावा लागेल."

बुधवारी सकाळी तो नालिकेनाला पोचला. नासिलेले शाळेच्या सावलीत सुके मासे निवडत होती. त्याने डोकं आपटून घेतलं नाही. आत गेलाच नाही.

"बो नासिलेले, फीत नीट धरत होता ना तुम्ही?"

तिने हातातला मासा खाली ठेवला. "काय म्हणालास?"

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा आवळत गेला.

"चौदा वर्षं मी पाण्यात उभी राहिले ती खोटं लिहायला?"

"खोटं नाही म्हणत मी. कुठून मोजायचात, तेवढंच सांगा."

"जमिनीपासून. आणखी कुठून मोजतात?"

"कुठल्या जमिनीपासून?"

"शाळेच्या! दर वर्षी नवी जमीन केली की—"

ती थांबली. मुयुंडा पुढे सरकला.

"नवी जमीन म्हणजे?"

"म्हणजे जमीन. माती घालतो ना आम्ही. पाणी ओसरून शाळा भरली की पहिल्या दिवशी प्रत्येक पोराने पाच टोपल्या माती आणायची. एका हाताला बोटं तितक्या. तेच त्याचं नाव घालणं. मग बाया चोपतात, शेणाने सारवतात. यंदाची व्हायचीय अजून, सुटी संपली की."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पाणी येतं, माती जाते, आपण थोडी जास्त घालायची. आमच्या आजीच्या घरातही हेच. नाहीतर हे उंचवटे आले कुठून, आभाळातून पडले?"

मुयुंडा मोंगूच्या वरच्या जमिनीवर वाढलेला. उंचवटे जुन्या राजांच्या काळी बांधले गेले, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. ते अजून बांधले जातात हे कोणी शिकवलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू रोज तोंड धुतोस ते अहवालात लिहितोस का?"

तो उठला, दारापाशी गेला आणि चौकटीची वरची फळी त्याने हाताने चाचपली. ती त्याच्या भुवयांपर्यंत होती. मागे वळला तेव्हा नासिलेले त्याच्याकडेच बघत होती, आणि त्या दिवशी प्रथमच तिच्या तोंडून टोमणा आला नाही.

"म्हणजे माझे आकडे..."

"आकडे बरोबर आहेत. जमीन वर आली."

"मग आता ते सिद्ध कसं करणार? माझ्या शब्दावर?"

"खणावं लागेल."

तिने दारातून आतल्या जमिनीकडे पाहिलं. चोपून सारवलेली जमीन फोडणं हे तिकडे घर मोडण्यासारखं. माणूस मेल्यावर किंवा गाव उठल्यावरच कोणी ते करतं. शेवटी ती म्हणाली, "उद्या त्या बाईंना घेऊन ये. खणायचंच तर बघणाऱ्यासमोर. मी एकदाच फोडीन."

गुरुवारी चिलेशेबाई आल्या. बांधाच्या रस्त्यापर्यंत गाडीने, पुढे कालव्यापलीकडे होडीने आणि तिथून गवतातून पायी. गावातल्या बाया भिंतीकडेने बसल्या होत्या. नासिलेलेने रीतीप्रमाणे गुडघे टेकून टाळ्या वाजवत पाहुणीचं स्वागत केलं, पाणी दिलं, आणि कुदळ उचलली.

"थांब," एक म्हातारी म्हणाली. "बरोबर करतेयस ना, नासिलेले? त्यात आमच्या पोरांच्या टोपल्या आहेत."

"म्हणूनच, माई. आत पुरून ठेवल्या तर कोण मोजणार?"

खांबाला लागूनच तिने खड्डा घेतला, दोन हात लांब, एक हात रुंद. माती लोखंडासारखी होती. मुयुंडाने कुदळ मागितली तर तिने दिली नाही. मांडीइतकी खोली झाल्यावर ती खड्ड्याच्या तोंडाशी बसली आणि सुरीने एक बाजू तासायला लागली. वरून खाली, भिंत गुळगुळीत करत.

मग ती बाजूला झाली.

खड्ड्याच्या त्या बाजूवर आडव्या रेघा होत्या. सारवणाची बारीक काळी रेघ, मग बोटभर माती, मग पुन्हा काळी रेघ. माती प्रत्येक पट्ट्यात वेगळी: एक करडी, एक वारुळाची तांबडी, एक पांढुरकी, तिच्यात गोगलगायींच्या शंखांचे तुकडे. सगळ्यात तळाशी, खांबाच्या बुंध्याजवळ, वाळूवर घातलेली पहिली जमीन. मुयुंडा या खोलीत चौदा वर्षं येत होता. आपण कशावर उभे राहत होतो, हे तो आज पाहत होता.

चिलेशेबाई खड्ड्याशी ओणवल्या. त्यांनी तळापासून वरपर्यंत बोटाने रेघा मोजल्या. मग वरपासून तळापर्यंत पुन्हा.

"चौदा जमिनी," त्या म्हणाल्या. "पहिली धरून. फीत कुठे आहे?"

नासिलेलेने शिंप्याची फीत दिली. बाईंनी ती स्वतः पहिल्या जमिनीवर टेकवली. "एकाहत्तर." पुन्हा मोजलं. "एकाहत्तर. अधिक या वर्षीचं एकतीस. एकशे दोन." त्यांनी मुयुंडाकडे पाहिलं. "पहिल्या वर्षी चौऱ्याण्णव होतं. पाणी कमी नाही झालं. वाढलंय."

"हो," मुयुंडा म्हणाला.

"हा पट्टा इतका जाड का?" बाईंनी मधल्या तांबड्या थरावर बोट ठेवलं.

"त्या वर्षी पलीकडच्या गावची शाळा वाहून गेली," नासिलेले म्हणाली. "त्यांची पोरं आमच्याकडे आली. एकवीस पोरं. त्यांनीही पाच-पाच टोपल्या आणल्या."

"आणि हा? अगदी बारीक."

"गोवराचं वर्ष. पोरं कमी होती."

त्यापुढे बाईंनी विचारलं नाही. त्या एकेका पट्ट्यावर बोट ठेवत गेल्या आणि नासिलेले सांगत गेली: ही माती तळ्याची, त्या वर्षी वारूळ मिळालं नव्हतं, ही खालच्या शेतातली, या थरात माझ्या धाकटीच्या टोपल्या, आता तिचीच दोन पोरं इथे येतात. कागद नव्हता, वही नव्हती. मागे बसलेल्या बायांपैकी कोणी मध्येच म्हणायची, "तो करडा आमच्या मुतुम्बाचा," आणि दुसरी म्हणायची, "चल गं, तुझा मुतुम्बा तीनच टोपल्या आणून पळाला होता." हशा पिकला. चिलेशेबाई हसल्या नाहीत. त्या खड्ड्यात बघत होत्या.

"मी वीस वर्षं शिकवलं," अखेर त्या म्हणाल्या. "मुलांनी खडू आणले, झाडू आणले. शाळेखालची जमीन आणलेली पहिल्यांदा पाहतेय."

उठताना त्यांनी विचारलं, "हे किती वर्षं करणार?"

"चौकटीखालून रांगत जाता येईल तोवर," नासिलेले म्हणाली. "मग छप्पर उचलू."

शुक्रवारी निर्णय झाला. पत्र टंकून, सही होऊन हातात पडायला आणखी अकरा दिवस लागले. मुयुंडा ते घेऊन नालिकेनाला गेला. नासिलेले दारात बसली होती. खड्डा अजून उघडाच होता, वर बोरूची चटई टाकलेली. तिने पत्र दोनदा वाचलं, तारीख पाहिली, सही पाहिली.

"सतराही शाळा?"

"सतराही. आधी दोन वर्षं करून बघायचं. सातवीची परीक्षा इथे जानेवारीत, पाणी शाळेत शिरायच्या आत."

"दोन वर्षं." ती तिखट हसली. "पाणी आलं की सुटी, ओसरलं की शाळा. एवढं लिहायला चौदा वर्षं लागली त्यांना?"

"लागली."

"आणि दोन वर्षांनी पुन्हा विचारतील, खरंच का म्हणून."

"विचारतील. म्हणून तक्त्यात नवा रकाना घातलाय." त्याने कागद पुढे केला. 'या वर्षी जमीन किती वर आली?' असं त्यात होतं.

तिने तो वाचला, घडी घालून पत्रासोबत कमरेच्या कापडात खोचला. मग भिंतीला टेकवलेली रिकामी टोपली पायाने त्याच्याकडे सरकवली.

"वारूळ त्या झाडामागे आहे, बो मुयुंडा. पाच टोपल्या."

"मी?"

"चौदा वर्षं या शाळेत येतोस. नाव घातलंयस कधी?"

त्याने बाह्या दुमडल्या. पाचवी टोपली खड्ड्यात रिकामी होईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं आणि त्याचा सदरा तांबडा झाला होता. नासिलेलेने माती पायाने दाबली, पाणी शिंपडलं, पुन्हा दाबली. खड्डा भरायला अजून बऱ्याच टोपल्या लागणार होत्या. त्या पोरं आणणार होती, सोमवारी शाळा भरली की.

बाहेर पडताना मुयुंडा चौकटीखाली आधीच वाकला.

"पुढच्या वर्षी बोटभर आणखी," ती मागून म्हणाली.