सॉ मिलचं घर
काल शेजाऱ्याने जॅराच्या लाकडाची जुनी फळी कापली आणि त्या उग्र वासासरशी मला दक्षिणेकडचं ते जॅराच्या झाडांचं जंगल आठवलं. नवऱ्याला खाणीवर नोकरी लागली म्हणून आम्ही तेव्हा नुकतेच ऑस्ट्रेलियात, पर्थला आलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरायला गेलो होतो. जंगलात तोडलेल्या झाडाच्या एका प्रचंड बुंध्याशी एक म्हातारी बाई उभी होती. "माझे आजोबा हेच झाड तोडताना त्याच्याखाली गेले," ती म्हणाली. "लाकूड लंडनला गेलं. आजी पोटुशी होती, पण घर सॉ मिलचं, आजोबांच्या नोकरीपुरतं दिलेलं. आठवड्यात रिकामं करायला लावलं." गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "आपला व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे. तुला काही झालं तर?" त्याने गाडी सुरू केली. आता इथे कायम राहायचा परवाना, पीआर आहे, घर स्वतःचं आहे. तरी तो खाणीवर निघाला की गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी राहते.