चाखलेली कडी

आबा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, तेव्हा आमचं बोलणं धड सुरूही झालं नव्हतं आणि त्यांच्या तोंडात लोखंड होतं.

युसूफ वडगाव या आमच्या गावात बाजाराच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दारं, खिडक्या, ट्रॉलीचे फाळके हे माझं रोजचं काम. त्या दिवशी धोतर नेसलेला एक किडकिडीत म्हातारा लगामाची कडी घेऊन आला. कडी म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा भाग. तिचा मधला सांधा निखळला होता. मी तो जोडला, कडी पाण्यात विझवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, सरळ स्वतःच्या दाढांमध्ये धरली आणि डोळे मिटून तिच्यावरून जीभ फिरवली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मी म्हटलं, झालं, आज सकाळी सकाळी येडंच पदरात पडलं.

"मिस्तरी, हितं बोचतंय. घास."

मी घासली. पुन्हा चाखली. पुन्हा घास. शेवटी मी वैतागून विचारलं, "आबा, जनावराला एवढं कळतंय का?"

"कळतंय की. सांगता येत न्हाई. म्हणून मी आदी चाखून बघतो."

आबा आता नाहीत. ऊसतोडीला गेले होते, तिकडेच फडात गेले. गावात अजून त्यांची आठवण निघते, ती लोखंड चाटणारा घोडीवाला म्हणून. लोक हसतात. माझ्याच्यानं हसवत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य कोयत्यावर गेलं होतं. दसरा झाला की बिऱ्हाड बांधायचं, उन्हाळा लागला की परतायचं. पुढे कंबरेनं दगा दिला, तेव्हा होतं नव्हतं ते मोडून त्यांनी एक पांढरी घोडी घेतली. तिचं नाव चांदणी. लग्नात नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं, वरातीत मिरवायचं. त्यावर दोघा नवरा-बायकोचं भागायला लागलं. काशीकाकू येईल त्याला सांगायच्या, "घोडीनं मला दिवाळी घरी दाखवली." बाकीच्या बायका टोळीच्या गाडीत चढताना काकू दारात उभ्या राहून हात हलवायच्या. ते सुख त्यांना फार उशिरा मिळालं होतं.

चांदणी गल्लीत गरीब. दोन्ही बाजूंनी घरं असली की लहान पोराच्या हातूनसुद्धा चालायची. पण आबांच्या आधी तिच्या मालकानं तिला शर्यतीत पळवलेलं. मोकळं रान दिसलं की तिला तेच आठवायचं. मान ताठ व्हायची, कडी दाढेत धरायची आणि मग ती कुणाची नसायची. आधी त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण लग्नं गावातच लागायची. मग मंगल कार्यालयं निघाली, ती सगळी गावाबाहेर, हमरस्त्याला, चहूकडे उघडं रान. वरात तिथून निघायला लागली आणि आबांच्या माझ्याकडे चकरा सुरू झाल्या.

कधी जाड गज लावून बघू, कधी सांध्याची, कधी सरळ, कधी कातडं गुंडाळलेली, कधी बाहेरच्या दांड्या लांब ठेवून. प्रत्येक कडी आधी आबांच्या तोंडात. थंडीत तर ती काखेत धरून ऊन करायचे आणि मगच घोडीला घालायचे. "गार लोखंड दाताला लागलं की जीव कसा करतो, तुला काय ठावं?" मला खरंच ठाऊक नव्हतं. नवी कडी घातली की आठवडाभर घोडी बरी चालायची. आबा येऊन चहा पाजायचे. मग कुठल्या तरी लग्नात पुन्हा लगाम हातातून हिसकून घ्यायची. चहा बंद.

बँडवाले, फटाकेवाले, सगळे एकच सांगायचे : काट्याची घाल. आतून अणकुचीदार काटे असलेली कडी बाजारात मिळते. नुसता लगाम ताणला की घोडा जागच्या जागी मुका होतो. आबा मान हलवायचे. "ती माझ्या तोंडात मावत न्हाई."

शेवटी व्हायचं ते झालं. एका कार्यालयासमोर चांदणी नवरदेवासकट तुरीच्या रानात घुसली. नवरदेवाचा हात मोडला, अक्षता हातात धरून वऱ्हाड ताटकळलं. दुसऱ्या दिवसापासून ठरलेल्या सुपाऱ्या एकामागून एक परत गेल्या.

काशीकाकू दुकानात आल्या ते आबांच्या मागोमागच. भर रस्त्यात भांडण नको म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "अवं, घाला की काट्याची. समदी घालतेत. तिच्या तोंडापायी मला म्हातारपणी कोयता धराय लावता व्हय?"

त्या बाजाराला आबांनी काट्याची कडी आणली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. कडी तोंडात घातली, लगाम माझ्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, ओढ. मी नुसता बोटानं ताणला. त्यांनी कडी बाहेर काढून मला झापलं, "कशाला घाबरतो रं? वरातीत काय असं धरतेत? वढ की!"

मी ओढला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली थुंकले ते लाल. कडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "मिस्तरी, समदे काटे घासून टाक."

मी घासले. कडी साधी झाली आणि घोडी होती तशीच राहिली.

दसऱ्याच्या आधी त्यांनी चांदणी केजकडच्या एका बँडवाल्याला विकली. सोबत आपली ती घासलेली कडी देऊ केली. बँडवाल्यानं हसून परत दिली. टोळीची गाडी आली. काशीकाकू गाडीत चढल्या, तेव्हा दारात उभं राहून हात हलवायला कुणी नव्हतं. आबांकडे त्यांनी सबंध वेळ पाहिलं नाही.

उन्हाळ्यात दोघं परतले. आबा अर्धे झाले होते. माझ्या मावसभावाचं लग्न लिंबागणेशला होतं, आग्रह करून मी त्यांना बरोबर नेलं. वाटलं होतं, चार माणसांत बरं वाटेल. कार्यालयाच्या पुढ्यात उघड्या माळावर, डीजेच्या दणक्यात चांदणी उभी होती. कान पाडून, मान खाली घालून. नवरदेव वर बसून फोटो काढून घेत होता. बायका म्हणत होत्या, "किती गरीब घोडी हाय!"

आबा जवळ गेले. तिनं त्यांची बाही हुंगली आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांनी तिचा ओठ वर केला, आत पाहिलं, ओठ हलकेच सोडला.

बँडवाला खुशीत होता. "आबा, तुमचीच घोडी! आता मोकळ्यात बी हालत न्हाई. समदी कडीची कमाल." त्यानं पिशवीतून तसलीच काट्याची दुसरी कडी काढून त्यांच्या हातात ठेवली. "बघा, कशी हाय?"

आबांनी ती सोग्याला पुसली. हात सवयीनं तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी कडी परत दिली.

"चांगली हाय," ते म्हणाले.

न जेवताच आम्ही निघालो. वाटेत एका हापशाजवळ त्यांनी मला मोटारसायकल थांबवायला लावली. मी हापसत राहिलो आणि आबा चुळा भरत राहिले. कडी त्यांनी तोंडात घातलीच नव्हती. तरी त्यांचं थुंकणं संपेना.