डाव्या हातावरची पाच बोटं

मी पिंपळवंडीत मोटार रिवायंडिंग करतो. विहिरीवरचा पंप बंद पडला की कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं अमावास्या आहे... आणि मी मोटार उघडून जळलेली तार दाखवतो. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवलेली आहे, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. आणखी एक आधीच सांगतो — मी बायकोवर कधी हात उचललेला नाही. आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. पण हात नाही.

मागच्या टोमॅटोच्या सीझनला सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डाव्या हातावर कोपराखाली काळेनिळे डाग दिसायला लागले. आम्ही म्हटलं, कॅरेटचे असणार. तोडणी चालू असली की टोमॅटोने भरलेली प्लॅस्टिकची कॅरेटं हातावर घेऊन बांधापर्यंत आणायची, कडा रुततात. इकडे प्रत्येक बाईच्या हातावर असे डाग असतात. पण हिचा एक डाग पिवळा पडून जातोय तोवर दुसरा, त्याच जागी! आणि नीट पाहिलं तर चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

नारायणगावला एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी नीट समजावलं — मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साकळतं, म्हणून निळं दिसतं. प्लेटलेट कमी असल्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या, तर मार न लागताही होतं. रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. बर्फ रुमालात गुंडाळून लावा, हात उशीवर उंच ठेवा, वजन उचलू नका, म्हणाल्या. मग मला बाहेर बसवून सुनंदाशी एकटीशी बोलल्या. काय विचारत असतील ते मला बाहेर बाकावरच कळलं.

कॅरेटं बंद केली, बर्फ लावला... तिसऱ्या दिवशी नवा डाग. आळीत कुजबुज सुरू झाली. शेवटी सुनंदाच मला म्हणाली, "अहो, झोपेत तर धरत न्हाई ना तुमी?" त्या दिवसापासून मी दुकानात झोपायला लागलो. तरी डाग आलाच, पण ते कोण मानणार? घोडेगावहून तिचा भाऊ आला. "दाजी, आमी बहीण दिली, जनावर न्हाई," एवढंच बोलला आणि तिला घेऊन गेला.

तिकडे आठ दिवस एकही डाग उठला नाही. म्हणजे फॉल्ट माझ्यातच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं. काम करता करता मी स्वतःचेच हात बघत बसायचो.

नवव्या दिवशी घोडेगावला गेलो. भर दुपार. ओटीवर सासूबाई, मेव्हणा, आणि माझ्यापासून चार हात लांब खांबाला टेकून सुनंदा. मेव्हणा म्हणाला, "ती येनार न्हाई. आता सोडचिठ्ठीचं बोला." माझ्या दोन्ही हातांत चहाची कपबशी होती. तेवढ्यात सुनंदा "आई गं" म्हणून कळवळली. तिचा डावा हात कुणी ओढावा तसा पुढं ताणला गेला... आणि आमच्या डोळ्यांदेखत कातडीवर आधी चार लाल पट्टे उठले, मग अंगठा. बघता बघता निळे पडले. मेव्हण्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. बोटं बारकी होती, बाईची.

सासूबाई जवळ सरकल्या. तिचा हात फिरवून बघत म्हणाल्या, "ही म्होरं बसून धरलेली पकड हाय. बांगड्या भरताना कासारीण धरती, तशी."

सुनंदा रडायलाच लागली. "कासारीण मावशीनं उजवा हात भरला व्हता. डावा ऱ्हायला. टोमॅटोचा टेम्पो आला म्हनून मी उठले."

जुन्नरहून बांगड्यांची टोपली घेऊन येणारी ती म्हातारी कासारीण. एक हात भरून बाईला मधेच उठवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. जाताना मावशी म्हणाली होती, "दुसरा हात मीच भरीन पोरी, दुसऱ्या कुनाकडनं भरू नको." म्हणून सुनंदा डाव्या हातात प्लॅस्टिकची एक बांगडी घालून वाट बघत राहिली.

मी, सुनंदा आणि मेव्हणा तडक जुन्नरला मावशीचं घर शोधत गेलो. मावशी आमच्याकडून गेली त्याच आठवड्यात वारली होती. तिच्या सुनेला गाव सांगितलं, तशी ती आतून कागदाची पुडी घेऊन आली. "आत्याबाई शेवटी सारख्या म्हनायच्या, पिंपळवंडीचा एक हात ऱ्हायलाय." पुडीत हिरव्या बांगड्या, सुनंदाच्या मापाच्या! सुनेने त्या भरल्या, सुनंदाने वाकून नमस्कार केला. त्यानंतर आजतागायत एकही डाग नाही.

डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, सुनंदाचा हात परत तपासून पाहिला. मधे आठ दिवस का थांबलं, सगळ्यांसमोरच का उठलं... मला अजून काही उमगलेलं नाही.

फक्त पहिल्या डागाचं कारण मला माहीत आहे. तो बाकीच्यांपेक्षा रुंद होता. ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. टेम्पो आला तेव्हा सुनंदा आपणहून उठली नव्हती. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, माझं डोकं फिरलं, आणि मावशीच्या हातात असलेला तिचा डावा हात धरून मी तिला खेचून उठवलं होतं. ओटीवर भावासमोर तिने हे सांगितलं नाही.

लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. बांगड्या मागे सारत तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हे सगळ्यात आधी लिवायला पायजे व्हतं तुमी."